पेचकस

टिक्. टिक्. टिक्.
सुपारी नसताना अडकित्ता मिटावा, तसा.
दिवाळीपासून झेनच्या बॉनेटखाली.
चढावर घाईत, उतारावर सावकाश,
पण थांबणं नाही.

हे म्हणायचे, कसला आवाज?

अठ्ठावीस वर्षं मी ग्वाल्हेरच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून काढलेली.
भिंडची लाइन कुरकुरते ती वाऱ्याने
आणि मुरैन्याची ओल धरल्याने,
हे ट्रंक कॉल जोडता जोडता सांगायचे.
माझ्या कानाला भास होत नाहीत.

पहिल्याने ऑइल बदललं, जाडसर घातलं.
टिक्.
दुसऱ्याने प्लग बदलले, जुने चारही
रद्दीत गुंडाळून हातावर ठेवले, प्रसादासारखे.
टिक्.
शोरूमच्या पोराने बॉनेट न उघडताच
सोळा हजारांचा कागद काढला, हेडच उतरवू म्हणाला.
यांना हसू आवरेना:
नसलेल्या आवाजाचे सोळा हजार!

मग पडावच्या पुलाखाली रामहेत.
म्हणाला, गाडी रात्रभर इथेच राहू दे,
गार इंजिन खोटं बोलत नाही.
सकाळी सातला आम्ही टेम्पोने पोचलो,
धुक्यात किल्ला नव्हताच, पूलही अर्धाच होता.
"जे कब से है? ठंडी में ज़्यादा कि गरम में?"
मी सांगत होते.
हे मफलर सारखा करत होते.

त्याने हातभर लांब पेचकस घेतला,
टोक इंजिनला, लाकडी मूठ कानाला,
डोळे मिटले.
डायनॅमो. नाही.
पाण्याचा पंप. नाही.
टॅपेट कव्हरवर एक, दोन,
तिसऱ्याशी भुवई हलली.
माझ्याकडे दिला. मी ऐकलं:
लांबच्या घरात कुणीतरी कडी वाजवतंय
आणि आतलं कुणी उठत नाहीये.

"इंगळे साब, आप भी."
यांनी कानाला लावला. मान हलवली. काही नाही.
रामहेतने मूठ बोटभर मागे सरकवली,
कानामागच्या हाडावर टेकवली.
"अब?"

यांचं तोंड थोडं उघडं राहिलं.
"आहे," म्हणाले.
मग माझ्याकडे बघून, "अगं, आहे की."
आणि पेचकस सोडेनात.

मी तिथे जुन्या टायरवर बसून हिशेब मांडला.
टीव्हीचा वाढत गेलेला आवाज.
मुलीचा फोन आला की "आईशी बोल" म्हणून
घाईने माझ्या हातात देणं.
आणि दसऱ्याच्या रात्री अंधारात
मी एक विचारलं होतं,
उत्तर आलं नाही म्हणून तीन दिवस अबोला धरला होता.
विचारलेलं बहुधा पोचलंच नव्हतं.
सगळ्या जिल्ह्याच्या लाइनी तपासणारी मी,
हीच तेवढी तपासली नाही.

कव्हर उघडलं. तिसऱ्याच्या रॉकरचा नट
दोन आटे ढिला. एवढंच.
पत्ती फटीत घातली, पेच आवळला,
पत्ती ओढून पाहिली.
फार सहज निघाली तर ढिलं,
निघालीच नाही तर जळेल, म्हणाला.
निघताना जरा धरून ठेवलं पाहिजे.
नवं गॅस्केट धरून साडेचारशे रुपये.

गाडी सुरू झाली.
नुसती घरघर, दूध तापताना येते तेवढी.
हे इंजिनाकडे नाही,
माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.
"थांबला?"
त्या हाडाजवळ तोंड नेऊन मी म्हटलं, थांबला.

परतताना कंपूला कान-नाक-घशाची पाटी आली.
म्हटलं, डावीकडे घ्या.
हे सरळ निघाले.
मग स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातावर
मी नखाने वाजवलं,
टिक्, टिक्, टिक्.
वळले.